विश्लेषण : हिंगणीच्या शिवारात पवनचक्की का नाही?

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातले हिंगणी हे बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरचे गाव. रब्बीत गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्रीच्या पाळीत वीज आली, की जंगलालगतच्या शेतात मोटार सुरू करायला अंधारातच जावे लागते. देशाची पवनऊर्जा क्षमता मार्च २०२५ अखेर ५० हजार मेगावॉटवर पोहोचली. मग त्यातून इथली दिवसाची पाळी का भागत नाही?

वारा कुठे अडतो?

राज्यातल्या पवनचक्क्या मुख्यतः सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार, अहिल्यानगर या पट्ट्यात आहेत. साताऱ्यातील चाळकेवाडी-वनकुसवडेचे पठार सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा डोंगर चढताना तिथे वेग घेतो. वर्ध्यापर्यंत हा जोर बराच ओसरतो. फरक किरकोळ वाटेल, पण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर शक्ती निम्मी नव्हे, एक अष्टमांश उरते. वेग साधारण तीन मीटर प्रतिसेकंदाच्या खाली गेला, की वीज जवळपास मिळतच नाही. उलट २५ मीटरच्या आसपास यंत्र सुरक्षेसाठी थांबवावे लागते.

साताऱ्याची वीज तारेतून येईल ना?

येते. खरी अडचण हंगामाची आहे. राज्यात वाऱ्याच्या विजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्ये तयार होतो. तेव्हा शेतात पाऊस असतो आणि बहुतेक मोटारी बंद असतात. रब्बीचे ओलित सुरू होते तेव्हा पठारावरचा वारा मंदावलेला असतो. बॅटरी काही तासांची सोय करते. आषाढातली वीज पौषापर्यंत साठवून ठेवणे तिला परवडत नाही.

म्हणून पवनऊर्जा वाया, असे नाही. ढगाळ दिवसांत सौर पॅनल मंदावतात, सूर्यास्तानंतर तर थांबतातच. पावसाळ्यात नेमकी तीच उणीव वारा भरून काढतो आणि तेवढा कोळसा वाचतो. चंद्रपूर-कोराडीचा धूर पाहणाऱ्या विदर्भाला हे वेगळे सांगायला नको.

हिंगणीच्या रब्बीला मात्र हिवाळ्याचे स्वच्छ ऊनच जास्त कामाचे. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मध्ये उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फिडरला दिवसा वीज देण्याची रचना आहे. त्यामुळे शेतकऱ्यांनी आधी विचारायचे ते हे : आपला फिडर कोणत्या उपकेंद्रावर आहे आणि तिथे सौर प्रकल्प कधी जोडला जाणार?