मुंबईची सोप्रानो: पॅट्रिशिया रोझारिओ

पॅट्रिशिया रोझारिओ या जगभर नावाजलेल्या सोप्रानो, म्हणजे स्त्री-आवाजाच्या सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या गायिका. जन्म मुंबईचा, १९६० सालचा. घराणे मूळ गोव्याचे. लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात त्या शिकल्या आणि तिथले सुवर्णपदक त्यांनी पटकावले.

ऑपेरात पूर्वापार माइक नसतो. अख्ख्या वाद्यवृंदाच्या वर चढून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, तोही शब्द न हरवता. मराठी संगीत रंगभूमीचे गायक-नट बालगंधर्व यांनी लहानपणी गाण्याचे धडे खानदेशातल्या जळगावात गिरवले. त्यामुळे माइकविना थिएटर भारून टाकणे म्हणजे काय, हे तिथल्या नाट्यसंगीताच्या दर्दींना वेगळे सांगायला नको.

रोझारिओंनी मोझार्टच्या ऑपेरा गायल्या, पण त्यांची खरी ओळख इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनर यांच्या रचनांची. १९९२ मध्ये ऑल्डबरा महोत्सवात ‘मेरी ऑफ इजिप्त’ या टॅव्हनरांच्या ऑपेरात रोझारिओ नायिका होत्या. पुढे टॅव्हनरांनी खास या आवाजासाठी तीसहून अधिक रचना केल्या. एका संगीतकाराने एकाच गळ्यावर इतका विश्वास टाकावा, हे फार दुर्मीळ. २००३ मध्ये लंडनच्या टेंपल चर्चमध्ये झालेली ‘द व्हेल ऑफ द टेंपल’ ही रचना तर रात्रभर, सुमारे सात तास चालली. त्यातही त्या गायल्या.

२००१ मध्ये त्यांना ब्रिटनचा ‘ओबीई’ किताब मिळाला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी अध्यापनही केले. पियानोवादक पती मार्क ट्रूप यांच्यासह २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ उपक्रमातून त्यांनी भारतातल्या तरुण गायकांना पाश्चात्त्य गायकीचे शिक्षण दिले.