वृत्तपत्रविद्येची पदवी : ती काय देते आणि काय देत नाही

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागल्यानंतर चार-पाच दिवसांनी आमच्या संघटनेच्या कचेरीत एक विणकर गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मागावरून उठून तसेच आले होते. बाकावर टेकत म्हणाले, "भाऊ, ही म्हणते पेपरात लिहायचं शिकायचंय. तीन वर्षांचं कॉलेज आहे म्हणे त्याचं. आपल्याकडचे जे बातम्या देतात, त्यांतला कोण गेला होता कॉलेजात? तुम्हीच समजावा हिला."

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने एकच प्रश्न विचारला : "काका, तुम्ही रोज तीन पेपर वाचता. त्यांतलं खरं कुठलं, ते तुम्हाला कसं कळतं?"

मी चहा मागवला आणि वेळ मारून नेली. मी स्वतः दहावीच्या पुढे शाळेत गेलेलो नाही. माझे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या टेबलावर, कामगार कायद्यांच्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत. तेव्हा बापाच्या शंकेत मला माझाच आवाज ऐकू आला. पण मुलीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी वर्षभर अभ्यासक्रम चाळले, शिकणाऱ्या मुलांशी बोललो. जे हाती लागले ते येथे मांडतो.

आधी बापाची बाजू घेऊ, कारण इतिहास त्याच्या बाजूचा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले, तेव्हा ते विशीतले तरुण होते. ते मोठे विद्वान खरे, पण वृत्तपत्रविद्या शिकवणारे विद्यालय तेव्हा जगात नव्हते. 'दीनबंधु' चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे गिरणीत नोकरी केलेले गृहस्थ. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती या संपादकाच्या खटपटीने. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटील 'दीनमित्र' काढत. १९१० साली सुरू केलेले ते पत्र त्यांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ चालवले. यांच्यापैकी कोणाजवळही पत्रकारितेची पदवी नव्हती.

आणि येवलेकरांना वर्तमानपत्राचे मोल वेगळे सांगायला नको. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावी जाहीर केले की, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. सभेला जे हजर होते त्यांनी ते कानांनी ऐकले. देशाला ते कळले छापील अक्षरांतून. त्या अक्षरांचे सामर्थ्य बाबासाहेब पुरते ओळखून होते. 'मूकनायक' त्यांनी १९२० सालीच काढले होते. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले, आणि येवल्याची परिषद भरली तेव्हा १९३० पासूनचे 'जनता' चालू होते.

मग कॉलेज कशाला? हा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला, आणि त्याचे उत्तर देणारा गृहस्थ स्वतः कॉलेजात न गेलेला होता. जोसेफ पुलित्झर हा हंगेरीतून १८६४ साली, सतरा वर्षांचा असताना, अमेरिकेत आला. इंग्रजीही त्याला धड येत नव्हते. पुढे तो मोठ्या वर्तमानपत्रांचा मालक झाला. पत्रकार हा जन्मावा लागतो, घडवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना त्याने १९०४ साली एक लांबलचक लेख लिहून उत्तर दिले. त्याचा आशय असा की, वकील आणि डॉक्टर जर शिकवून तयार होतात, तर ज्याच्या शब्दावर सारा समाज आपले मत बनवतो त्याला मात्र शिक्षणाची गरज नाही, हे कसे? त्याने ठेवलेल्या वीस लाख डॉलरांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठात १९१२ साली पत्रकारितेचे विद्यालय उघडले. त्याच्या आधीच, १९०८ साली, मिसूरी विद्यापीठात असे विद्यालय सुरू झाले होते.

आपल्याकडे १९४१ साली लाहोरला पंजाब विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग निघाला. फाळणीनंतर तो दिल्लीला आला. नागपूरला हिस्लॉप कॉलेजात १९५२ साली हे शिक्षण सुरू झाले. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग १९६४ सालचा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानेही या विषयाचे अभ्यासक्रम चालवले आहेत.

येथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. पूर्वी आपल्याकडे ही पदवी बहुधा दुसरी पदवी असे. आधी बी. ए. किंवा बी. कॉम. व्हायचे आणि त्यावर पत्रकारितेचे एखादे वर्ष करायचे, अशी रीत होती. बारावीनंतर थेट तीन वर्षे हाच विषय, ही वाट अलीकडची. मुंबई विद्यापीठाने २००० साली 'बॅचलर ऑफ मास मीडिया' सुरू केली. २०१९ पासून तिचे नाव बदलले. तिच्यात शेवटच्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांपैकी एक शाखा घ्यावी लागे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांची पदवी आणि इच्छा असल्यास चौथ्या वर्षी ऑनर्स, अशी मांडणी आली आहे. पालकांनी नाव वाचून भुलू नये. 'मीडिया' या एका शब्दाखाली बातमी, जाहिरात, चित्रफीत आणि प्रसिद्धीचे काम ही सगळी येतात. बातमी आणि प्रसिद्धी यांत तर सावकार आणि कुळ यांच्याइतके अंतर आहे. बातमीदार दुसऱ्याला प्रश्न विचारतो. प्रसिद्धीवाला प्रश्न यायच्या आत उत्तर तयार ठेवतो. आपल्याला कोणते काम करायचे, हे आधी ठरवलेले बरे.

या तीन वर्षांत शिकवतात काय? बातमी मिळवणे, लिहिणे आणि संपादन करणे, भाषा, वृत्तपत्रांचा इतिहास, राज्यघटना आणि कायदा, छायाचित्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, आणि आता मोबाइलवर फिरणारा मजकूर तपासणे. कायद्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो. आपल्या घटनेत वृत्तपत्रांसाठी स्वतंत्र कलम नाही. कलम १९ (१) (क) ने तुम्हाआम्हाला जे बोलण्याचे स्वातंत्र्य दिले, तेच पत्रकाराचे. अब्रुनुकसानीचे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ वे आहे. २००५ च्या माहिती अधिकाराने कोणाही नागरिकाला सरकारी कागद मागता येतो. हे ज्याला ठाऊक नाही तो एकतर उगाच घाबरतो, नाहीतर नको तेथे धाडस करून फसतो.

पण शिक्षणाचा गाभा वेगळाच आहे, आणि तो कांद्याच्या भावावरून चटकन समजेल. बाजारात लिलाव झाला की किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव निघतात. समजा, कमाल भाव क्विंटलला तीन हजार निघाला. तो मिळाला एकाच ट्रॅक्टरला. सरासरी मात्र अठराशे, आणि पुष्कळांचा माल पंधराशेने गेला. दुसऱ्या दिवशी मथळा येतो : 'कांदा तीन हजारांवर'. यात खोटे काय आहे? काहीच नाही. आकडा खरा आहे. तरी शहरातली गृहिणी समजते की शेतकरी मालामाल झाला, आणि पंधराशे घेऊन घरी निघालेल्या शेतकऱ्याला वाटते की आपल्याला कोणी तरी फसवले. खऱ्या आकड्याने खोटे चित्र उभे राहिले. कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे हे सहा प्रश्न शाळकरी मुलालाही पाठ होतात. 'हा आकडा कितीजणांचा?' हा सातवा प्रश्न विचारण्याची सवय लागायला मात्र कोणी तरी वही तपासणारा लागतो, चूक दाखवून ती पुन्हा लिहायला लावणारा लागतो. चांगले कॉलेज हे काम करते.

आपल्या पैठणीची खूण काय? उलटी बाजूही सुलटीसारखीच स्वच्छ दिसते. बातमीचीही उलटी बाजू असते. कोणाला भेटलो, कोणता कागद पाहिला, समोरच्या पक्षाला विचारले की नाही, हे सारे टिपणवहीत असते. वाचकाला ती बाजू दिसत नाही. पण ती गुंतलेली असेल तर बातमी टिकत नाही.

याची किंमत मी एकदा मोजली आहे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी हमालीच्या दरासाठी आमच्या वाटाघाटी चालल्या होत्या. रात्री उशिरा तोडगा निघाला : निम्मी वाढ लगेच, निम्मी दिवाळीनंतर. सकाळी एका पत्रात छापून आले की, संघटनेने निम्म्या वाढीवर समझोता केला. कचेरी उघडायच्या आत तीस-चाळीस हमाल दारात उभे होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने, ज्याच्याबरोबर मी वीस वर्षे काढली होती, मला विचारले, "किती घेतले?" खुलासा तीन दिवसांनी आला, तोही आतल्या पानावर, तळाशी. तोवर काही माणसे संघटना सोडून गेली होती. त्यांतली सगळी परत आली नाहीत.

मी त्या वार्ताहराला भेटलो. माणूस वाईट नव्हता. त्याला रात्री मालकांच्या बाजूने एक फोन आला, त्यावर त्याने बातमी केली. 'उरलेल्या वाढीचे काय?' एवढे एक वाक्य त्याने मला फोन करून विचारले असते तर भागले असते. मीही तोडग्याचा लेखी कागद त्याच्याकडे धाडला नव्हता. ती माझी चूक. पण मग तो जे म्हणाला ते मी विसरलो नाही : "भाऊ, मला पगार नाही. मी जाहिराती आणतो, त्यावरचं कमिशन मिळतं. दोन ठिकाणी फोन करायला मला कोण पैसे देतं?"

येथे पदवीची हद्द संपते. तपासावे कसे हे कॉलेज शिकवील. तपासायला वेळ आणि पोटाला पगार कॉलेज देऊ शकत नाही. हा प्रश्न मजुरीचा आहे, आणि देशाने तो पूर्वीच ओळखला होता. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली अहवाल दिला, आणि १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम नाही, संपादकाला कमी करायचे तर सहा महिन्यांची आणि इतर पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस, आणि पगार ठरवायला वेतनमंडळ, अशा त्यातल्या तरतुदी. शेवटच्या, मजिठिया मंडळाच्या शिफारशी सरकारने २०११ साली लागू केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या ७ फेब्रुवारी २०१४ रोजी उचलून धरल्या. पुढे हा कायदा २०२० च्या कामगार संहितांत विलीन झाला. त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. नव्या व्याख्येत दूरचित्रवाणी आणि डिजिटल माध्यमांतले पत्रकारही आले, ही जमेची बाजू.

कायद्यात पत्रकार कोणाला म्हटले आहे? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो त्या कामावर नेमलेला आहे, त्याला. पदवीचा त्यात उल्लेखही नाही. २०१३ साली प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. काटजू यांनी किमान पात्रता ठरवावी म्हणून समिती नेमली, तेव्हा बराच वाद झाला. ब्राझीलमध्ये तर पदवीची सक्ती १९६९ पासून होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ती रद्द केली. मला हेच योग्य वाटते. पदवी हा परवाना झाला, तर उद्याचा लोखंडे गिरणीच्या दारातच अडेल. पण त्याच व्याख्येतला 'नेमलेला' हा शब्द आमच्या तालुक्याच्या वार्ताहराला बाहेर ठेवतो, कारण त्याच्याजवळ नेमणुकीचे पत्रच नसते. म्हणून शिकणाऱ्या मुलाने पदवीच्या कागदाइतकाच नेमणुकीचा कागद महत्त्वाचा मानावा.

प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. शिकवणाऱ्यांत बातमीचे काम केलेले किती आहेत? मुलांचे स्वतःचे पत्र निघते काय, आणि त्याचे अंक पाहायला मिळतील काय? वर्तमानपत्रात उमेदवारी करायला पाठवतात तेव्हा तेथे काम देतात की नुसते बसवून ठेवतात? आणि मराठीत लिहून घेतात की नाही? शिवाय मुलाने एक दुसरा विषय पक्का धरावा, मग तो शेती असो, अर्थशास्त्र असो, कायदा असो. कशाविषयी लिहायचे हे ज्याला कळत नाही, त्याला कसे लिहायचे हे कळून उपयोग नाही.

या वर्षी ते विणकर पुन्हा आले, तेव्हा मी त्यांना सांगितले : कॉलेजावाचून पत्रकार होता येते, हे तुमचे म्हणणे खरे. पण लोखंड्यांना आणि मुकुंदरावांना चुका करत शिकायला स्वतःचे पत्र होते. तुमच्या मुलीजवळ ते नाही. तिच्या चुका कोणाच्या भाकरीवर पडायच्या, त्याऐवजी त्या वर्गातल्या वहीत पडू द्या. मागावरही नवा पोरगा पहिल्या दिवशी पदर विणत नाही.

आणि मुलीला म्हणालो, "खरं कुठलं, ते मला नेहमी कळतंच असं नाही, पोरी. तीन पेपर ताडून पाहतो आणि ज्याला विचारता येईल त्याला विचारतो. ते काम आमच्यासाठी कोणी तरी नीट करावं, म्हणून तर तू शिकायचं."

तिने प्रवेश घेतला आहे. मी तिच्याकडून एक वचन घेतले आहे. उद्या ती आमच्या संघटनेची बातमी करील, तेव्हा तिने मालकांनाही फोन करावा.