पदवीवर ठसा कोण उमटवतो?

भाजीबाजारातले लोखंडी वजन तुम्ही कधी उलटे करून पाहिले आहे का? नसल्यास एकदा जरूर पाहा. त्याच्या अंगात एक खोबण असते, त्या खोबणीत शिसे भरलेले असते आणि त्या शिशावर वैधमापन निरीक्षकाचा ठसा उमटवलेला असतो. दुकानदार कितीही प्रामाणिक असला, तरी हा ठसा त्याला स्वतःला मारता येत नाही. निरीक्षकाजवळचे वजनही तसेच! तेही वरच्या प्रयोगशाळेतील अधिक काटेकोर वजनाशी ठरावीक मुदतीने ताडून पाहावे लागते. ही साखळी वर वर जात थेट नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते. म्हणूनच अनोळखी गावातल्या अनोळखी दुकानातून घेतलेला किलोभर गूळ आपण निर्धास्तपणे घरी नेतो.

बी.एस्सी.ची पदवी हेही असेच एक ठसा मारलेले वजन आहे. चंद्रपूरच्या मुलीने मिळवलेली पदवी पुण्यातला कारखानदार किंवा परदेशातले विद्यापीठ खरी मानते. तिला शिकवणाऱ्या शिक्षकांना ते ओळखत नसते. मग हा विश्वास येतो कोठून? आमच्या वर्गात दर वर्षी कोणी तरी थोड्या त्राग्याने विचारतो, "सर, हा धडा आमच्या अभ्यासक्रमात घातला तरी कोणी?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. तिकडेच आज आपण जाऊ या.

पदवी देण्याचा अधिकार

पहिली गोष्ट अशी, की पदवी महाविद्यालय देत नाही, विद्यापीठ देते. आणि विद्यापीठालाही हा अधिकार कायद्याने मिळावा लागतो. मुंबई, कोलकाता आणि मद्रास ही आपल्याकडील तीन जुनी विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, ती प्रत्येकी एकेका स्वतंत्र कायद्याने. मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली परीक्षा १८६२ साली चार जण उत्तीर्ण झाले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्यांपैकी दोघे. विज्ञानाची वेगळी पदवी त्या वेळी आपल्याकडे नव्हती. खुद्द लंडन विद्यापीठानेही ती १८६० साली सुरू केलेली होती.

आज आपल्या देशात हा अधिकार कोणाला आहे, ते १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या बाविसाव्या कलमात सांगितले आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. पदवीचे नावही मनाला येईल ते ठेवता येत नाही. मान्य नावांची यादी आयोगाने राजपत्रात प्रसिद्ध केली आहे. २०१४ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. हा नियम मोडणाऱ्याला कायद्यात शिक्षा किती आहे, ठाऊक आहे? एक हजार रुपयांपर्यंत दंड! १९५६ साली ही रक्कम मोठी असेल, पण आज तिने कोण घाबरणार? त्यामुळे आयोग बोगस विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करतो. प्रवेश घेण्यापूर्वी ती पाहण्याचे काम मात्र आपले.

एका प्रयोगाची गोष्ट

आता अभ्यासक्रमाकडे वळू. महाराष्ट्रातील विद्यापीठांचा कारभार सध्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार चालतो. प्रत्येक विषयाचे, किंवा जवळच्या विषयांच्या गटाचे, एक अभ्यासमंडळ असते. त्यात विद्यापीठातील विभागप्रमुख, महाविद्यालयांतील शिक्षक आणि बाहेरचे काही तज्ज्ञ असतात. अभ्यासक्रमाचा जन्म येथे होतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची माझीच हकिकत सांगतो. एलईडी वापरून प्लांकचा स्थिरांक मोजण्याचा प्रयोग बी.एस्सी.ला असावा, असे माझ्या मनाने घेतले. प्रयोग सुंदर आहे. एलईडीवरील विभवांतर हळूहळू वाढवत नेले, की एका ठरावीक विभवांतराला तो उजळू लागतो. तांबडा एलईडी कमी व्होल्टला उजळतो, निळ्याला जास्त व्होल्ट लागतात. हे विभवांतर आणि प्रकाशाची तरंगलांबी कळली, की प्लांकचा स्थिरांक काढता येतो. मी टिपण लिहून अभ्यासमंडळाकडे पाठवले. मंडळी टाळ्या वाजवतील, अशी माझी कल्पना!

टाळ्या राहिल्या बाजूला, प्रश्नच सुरू झाले. "याला चार तासिका लागतील. त्या कोणत्या प्रयोगाच्या काढायच्या?" "परीक्षेत गुण कशाला द्यायचे, उत्तराला की मांडणीला?" तालुक्याच्या गावी शिकवणारे एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "अहो, आमच्याकडे दुपारी वीज नसते. तुमचा प्रयोग त्या वेळी कसा चालायचा?" मी म्हणालो, "सर, घड्याळाच्या दोन-तीन सेलवर चालेल." हे उत्तर त्यांना पसंत पडले. पण बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या बाईंनी मला पेचात पकडले. त्यांनी विचारले, "एलईडी नेमका केव्हा उजळला, हे ठरवणार कोण? तुमचा डोळा की माझा?"

शेवटी तीन महाविद्यालयांत प्रयोग करून पाहण्याचे ठरले. तीन ठिकाणची तीन उत्तरे आली! बाईंची शंका खरी होती. तेव्हा कृती बदलली. एकाच एलईडीवरून उत्तर काढायचे नाही, तर चार रंगांचे एलईडी घ्यायचे आणि विभवांतर व वारंवारता यांचा आलेख काढायचा. प्रत्येक वाचनात सारखीच चूक शिरली, तर आलेखाची रेषा वर किंवा खाली सरकते, पण तिचा चढ बदलत नाही. आणि प्लांकचा स्थिरांक आपण त्या चढावरूनच काढतो. प्रयोग मंजूर व्हायला वर्ष गेले. मी धुसफुसलो होतो, हे कबूल करतो. पण मंजूर झालेला प्रयोग माझ्या टिपणातल्या प्रयोगापेक्षा चांगला होता, हेही कबूल केले पाहिजे.

एकाच्या वर एक चाळणी

अभ्यासमंडळाने मसुदा तयार केला, की तो विद्याशाखेकडे जातो. २०१६ च्या कायद्यात चार विद्याशाखा आहेत. विज्ञान आणि तंत्रज्ञान ही त्यांतील एक. तिचे प्रमुख म्हणजे अधिष्ठाता. पदार्थविज्ञान, रसायन, गणित, प्राणिशास्त्र अशा निरनिराळ्या अभ्यासमंडळांची माणसे येथे एकत्र बसतात. ही मधली पायरी कशाला, असे तुम्हांला वाटेल. एक उदाहरण घ्या. पदार्थविज्ञानाच्या मंडळाने दुसऱ्या सत्रात आंदोलनांचा धडा ठेवला आणि त्यासाठी लागणारी विकलक समीकरणे गणिताच्या मंडळाने तिसऱ्या सत्रात ठेवली, तर? दोन्ही मंडळे आपापल्या जागी बरोबर, पण मधल्या मध्ये मरण विद्यार्थ्याचे! अशा गाठी विद्याशाखेत सुटतात, निदान सुटाव्यात अशी अपेक्षा असते.

त्याच्या वर विद्या परिषद. कुलगुरू तिचे अध्यक्ष असतात आणि सर्व विद्याशाखांचे लोक तिच्यात असतात. विद्यापीठाच्या पदव्यांचा दर्जा सांभाळणे हे तिचे मुख्य काम. नवी पदवी सुरू करायची, प्रवेशाची अट बदलायची, उत्तीर्ण होण्याचे निकष ठरवायचे, तर तिची संमती हवी. तिच्या शिफारशीवरून व्यवस्थापन परिषद पदव्या प्रदान करण्याची व्यवस्था करते. पैसा, जागा, नेमणुका हे प्रश्नही तिच्याकडे असतात, कारण प्रयोगशाळाच नसेल तर कागदावरचा अभ्यासक्रम काय कामाचा?

या सर्व पायऱ्यांवर आता एक समान माप आले आहे, ते म्हणजे श्रेयांक. सत्रभरात वर्गातले १५ तास म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेत मात्र एका श्रेयांकासाठी ३० तास लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात दर सत्राला २२ श्रेयांक ठरवले गेले. तीन वर्षांच्या पदवीची सहा सत्रे, म्हणून १३२ श्रेयांक. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १७६. दोन श्रेयांकांच्या विषयाला तीसच तास मिळतात. त्यात सहा तासांचा नवा धडा घालायचा, तर सहा तासांचा जुना धडा काढावा लागतो. अभ्यासमंडळातले निम्मे वाद या एका वजाबाकीचे असतात!

स्वायत्त महाविद्यालयांना स्वतःचे अभ्यासमंडळ आणि स्वतःची विद्या परिषद असते. अभ्यासक्रम व परीक्षा ती स्वतः पाहतात. पण त्यांच्या अभ्यासमंडळांतही विद्यापीठाचा प्रतिनिधी आणि बाहेरचे तज्ज्ञ असावे लागतात, आणि पदवी विद्यापीठच देते.

परीक्षा आणि निकाल

अभ्यासक्रम मंजूर झाला, म्हणजे वजन ओतून तयार झाले. ते बरोबर भरते की नाही, हे परीक्षा ठरवते. ही जबाबदारी परीक्षा व मूल्यमापन मंडळाची. प्रश्नपत्रिकांचे एकाहून अधिक संच काढून त्यांतला एक निवडणे, उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून सांकेतिक क्रमांक घालणे, काही उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा तपासून घेणे, या सर्व युक्त्यांमागचे तत्त्व एकच आहे. मोजणाऱ्याला, कोणाचे मोजतो आहोत, ते कळता कामा नये.

निकाल साधारणतः तीस दिवसांत, आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत लावावा, असे कायदा सांगतो. पदवी १८० दिवसांच्या आत मिळावी, असा अनुदान आयोगाचा नियम आहे. हे आकडे रुक्ष वाटतील, पण त्यांच्यामागे कोणाची तरी नोकरी, कोणाचा तरी पुढचा प्रवेश असतो. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची नवी पद्धत एकदम सुरू केली. पद्धत वाईट नव्हती; पण तिची पुरेशी चाचणी आधी झालेली नव्हती. निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, कित्येकांचे पुढील प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. माझ्या प्रयोगाला वर्षभर थांबवणाऱ्या त्या सभेची आठवण मला तेव्हा आली.

पदकांचे गणित

पदवीदान समारंभात एखादी मुलगी सुवर्णपदक घेते, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. हे पदकही नियमांच्या वाटेनेच येते. कोणी देणगीदार काही रक्कम विद्यापीठाकडे देतो. ती स्वीकारायची की नाही, हे विद्यापीठ ठरवते. मग नियम लिहिले जातात: कोणत्या परीक्षेत, कोणत्या विषयात, पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्यांतून की सर्वांतून, दोघांना समान गुण पडले तर काय? मूळ रकमेला हात न लावता व्याजातून पदक द्यायचे, ही रूढ पद्धत.

येथे थोडे गणित करू. समजा, १९५० साली कोणी ५,००० रुपये दिले आणि व्याज शेकडा चार. वर्षाला २०० रुपये आले. त्या काळी दहा ग्रॅम सोने शंभर रुपयांच्या आसपास मिळे, म्हणजे पदक खरेच सोन्याचे होई. सगळे व्याज दर वर्षी खर्च झाले, तर मूळ रक्कम आजही ५,००० च राहील. आणि आज दोनशे रुपयांत गुंजभर सोनेही येणार नाही! म्हणून व्याजाचा काही भाग मुद्दलात घालावा, असा नियम शहाणे देणगीदार आधीच घालून ठेवतात.

नीट बांधलेला पुरस्कार काय करू शकतो, ते पाहा. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ साली कलकत्ता विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले. त्या व्याजातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती मिळवणाऱ्यांत आशुतोष मुखर्जी नावाचा गणिताचा विद्यार्थी होता. तोच मोठेपणी त्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्याच्याच प्रयत्नांतून कोलकात्याचे विज्ञान महाविद्यालय उभे राहिले आणि तेथे त्याने सी. व्ही. रामन यांना प्राध्यापक म्हणून आणले. मुंबईच्या कापसाच्या पैशाचा धागा असा कुठल्या कुठे पोचला!

शेवटची कडी

समित्यांमुळे कामे रखडतात, ही तक्रार खोटी नाही. रिकामी राहिलेली मंडळे आणि न वाचता मंजूर केलेले मसुदे हे दोषही मी पाहिले आहेत. न पाहता ठसा मारणारा निरीक्षक ठसा नसलेल्या वजनापेक्षा घातक असतो, कारण त्याच्यावर आपला विश्वास असतो. पण यावर उपाय साखळी तोडणे हा नव्हे. प्रत्येक कडीने आपले काम करावे, हा आहे. शिक्षकांनी अभ्यासमंडळाला सूचना लिहून पाठवाव्यात. उद्या तुम्ही महाविद्यालयात गेलात, की अभ्यासक्रमाविषयीचे तुमचे मत विचारले जाईल, तेव्हा रकाने डोळे मिटून भरू नका.

आणि वजनाच्या त्या साखळीचे शेवटचे टोक कोठे आहे, हे सांगायचे राहिलेच. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या कोण्या धातूच्या ठोकळ्यावरून केली जात नाही. ती केली जाते प्लांकच्या स्थिरांकावरून. म्हणजे भाजीवाल्याच्या वजनावरचा ठसा आणि दोन-तीन सेलांवर उजळणारा आमचा एलईडी, यांची गाठ अखेर एकाच ठिकाणी पडते. तुमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत चार रंगांचे एलईडी मिळाले, तर शिक्षकांच्या मदतीने तो आलेख काढून पाहा. रेषा सरळ आली, की तिचा चढ आणि त्यावरून आलेले उत्तर वहीत लिहा, आणि मग वही शेजारच्या मित्राला तपासायला द्या.