घर पाहायला जाताय? आधी ओट्यापाशी उभ्या राहा!

मैत्रिणींनो, ‘घर पाहावं बांधून’ ही म्हण झाली तेव्हा फ्लॅट नव्हते. आता आपण घर बांधत नाही, फिरून पाहतो. पाडवा किंवा दसरा जवळ आला, की कोल्हापुरात घरांच्या जाहिरातींना ऊत येतो. ‘सॅम्पल फ्लॅट पाहायला सहकुटुंब या’ असं आग्रहाचं आमंत्रण असतं. क्रिडाई कोल्हापूर ही बांधकाम व्यावसायिकांची संस्था ‘दालन’ नावाचं प्रदर्शन भरवते. तिथे एकाच ठिकाणी कितीतरी इमारतींचे नकाशे पाहायला मिळतात. पाहावं, जरूर पाहावं. पण काय पाहावं, हे घरातून निघतानाच ठरवलेलं बरं.

आम्ही पहिलं घर घेताना कित्येक रविवार असेच फिरलो. एक अनुभव हटकून यायचा. दर, कर्ज, कागदपत्रं यांचं बोलणं सगळं ‘ह्यां’च्याशी आणि माझ्या हातात फरश्यांचा कॅटलॉग! ‘वहिनी, तुम्ही रंग निवडा.’ रंग निवडायचाच आहे हो! पण नळाला पाणी कधी येतं, पावसात धुणं कुठे वाळतं, सिलिंडर कुठे ठेवायचा, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असतं? तेव्हा कॅटलॉग बाजूला ठेवा आणि प्रश्न विचारायला लागा.

पर्समध्ये टेप असू द्या

सॅम्पल फ्लॅट हा नटवलेला असतो. पलंग बेताचा, कपाट उथळ, कधी कधी खोल्यांना दारंच लावलेली नसतात. त्यामुळे खोली मोठी भासते. म्हणून निघण्यापूर्वी घरचा पलंग, कपाट, फ्रीज, धुण्याचं मशीन यांची मापं कागदावर लिहून घ्या आणि तिथे टेप लावून पाहा. दार उघडल्यावर कपाटाला अडतं का, तेही बघा.

मग स्वयंपाकघरात जा आणि ओट्यापाशी दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहा. उंची पाठीला मानवेल का? उजेड हातावर येतो की पाठीमागून? फोडणीचा धूर कुठून जाईल? भांडी घासायची जागा, मिक्सरचा प्लग, पिण्याच्या पाण्याची टाकी, सगळं मनातल्या मनात मांडून बघा.

घराचं क्षेत्र विचाराल तेव्हा ‘चटई क्षेत्र किती?’ असंच विचारा. भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येते ती जागा म्हणजे चटई क्षेत्र. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. आकडा चौरस मीटरमध्ये सांगितला, तर त्याला १०.७६ ने गुणा, की चौरस फूट मिळतात. ६० चौरस मीटर म्हणजे साधारण ६४५ चौरस फूट.

पंचगंगेला विसरू नका

ऑक्टोबरात पाहिलेलं घर जुलैत कसं असेल? कोल्हापूरकरणीनं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, नागाळा पार्कचा काही भाग, इथल्या बायकांनी संसार डोक्यावर घेऊन घरं सोडली. तेव्हा जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे की निळ्या आणि लाल रेषेच्या मधे, हे विचाराच. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही; दोन्ही रेषांच्या मधे अटी असतात.

घर उंचावर असलं तरी निर्धास्त होऊ नका. त्या पुरांत उपसा केंद्रंच पाण्यात गेली. बाहेर पूर आणि घरात नळ कोरडा! म्हणून टाकी केवढी, बोअर आहे का, हे विचारा. उपनगरात पाहत असाल, तर पाणी महापालिकेचं की ग्रामपंचायतीचं, तेही विचारा. शेजारच्या इमारतीतल्या एखाद्या बाईंशी दोन शब्द बोला. ‘२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं हो?’ त्या भिंतीवर बोट ठेवून सांगतील.

कागद आपणही वाचावेत

१ मे २०१७ पासून महारेराचा कायदा आपल्या पाठीशी आहे. ऑगस्ट २०२३ पासून तर जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो. मोबाइलनं तो टिपला, की मंजूर नकाशा आणि ताबा देण्याची तारीख घरबसल्या वाचता येते. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या किंवा ८ पर्यंत फ्लॅट असलेल्या लहान इमारतींना ही नोंदणी लागत नाही. तिथे वकिलाकडून कागद तपासून घेणं अधिकच गरजेचं.

‘आजच बुक केलंत तर सूट’ असं म्हणाले, तरी पर्सची चेन बंदच ठेवा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, असं हाच कायदा सांगतो. जे द्याल ते चेकनं द्या आणि पावती घ्या. तयार इमारत असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहा. ‘येईलच हो आठवड्यात’ यावर विसंबू नका. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, हेही लक्षात असू द्या.

घर कुणाच्या नावावर?

हा प्रश्न संकोच न करता घरात काढा. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर स्त्रीच्या नावानं घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ४० लाखांच्या घराला ४० हजार रुपये वाचतात! मात्र खरेदीत फक्त स्त्रियाच हव्यात; नवऱ्याचं नाव जोडलं, की सवलत गेली. पूर्वी असं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये काढली. कर्ज दोघांच्या नावावर घ्यायचं असेल, तर बँकेला काय चालतं ते आधी विचारून घ्या. सवलत नको असली, तरी दोघांची नावं लावण्याचा आग्रह धरा. घरात आपला घाम असतो, तसं कागदावर नावही असावं.

आणि शेवटचं. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण चहापोह्यांवर भुलतो का? चार ठिकाणी चौकशी करतोच ना? घराचंही तसंच. रविवारी त्यांच्या बोलावण्यावरून जा, पण दुसऱ्यांदा आपल्या सोयीनं जा. आडवारी, दिवेलागणीला. रस्त्यावर दिवे आहेत का, क्लासहून एकटी परतणारी मुलगी तिथून निर्धास्त येईल का, ते पाहा. जमलं तर भर पावसात तिसरी खेप करा. त्या दिवशीही घर आवडलं, तर मग खुशाल फरशीचा रंग निवडा!