अधांतरी पिन : तंत्रपरिभाषेतील एका शब्दाविषयी

प्रोग्रामेबल लॉजिक चिप, म्हणजे एफपीजीए, कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिला काहीच येत नसते. १९८५ साली झायलिंक्स कंपनीने आणलेल्या एक्ससी२०६४ या चिपमध्ये तर्काचे ६४ कप्पे होते. आज ते हजारो-लाखोंनी असतात. पण रीत तीच. आत कप्पे, कडेला पिना, आणि कोणी काय करायचे ते वापरणाऱ्याने नंतर लिहून द्यायचे. कप्प्यांविषयी पाठ्यपुस्तके भरभरून बोलतात. विद्यार्थी अडखळतात ते मात्र पिनांपाशी.

आमच्या महाविद्यालयातील इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या प्रयोगपुस्तिकेचा मराठी मसुदा भाषेच्या दृष्टीने तपासण्यासाठी माझ्याकडे आला. त्यात ‘फ्लोटिंग इनपुट’ला एके ठिकाणी ‘तरंगती पिन’ आणि दुसरीकडे ‘मोकळी पिन’ म्हटले होते. दुसरा शब्द वाचायला सोपा, पण घातक. मोकळी म्हणजे रिकामी, रिकामी म्हणजे शून्य, असा अर्थ मराठी वाचक सहज लावतो. वस्तुस्थिती तशी नाही.

३.३ व्होल्टच्या नेहमीच्या एलव्हीसीमॉस मानकात इनपुट पिनेवरचा दाब ०.८ व्होल्टपेक्षा कमी असला तर चिप ‘शून्य’ वाचते आणि २.० व्होल्टपेक्षा जास्त असला तर ‘एक’. मधल्या पट्ट्यात काय वाचले जाईल याची हमी नाही. पिनेला काहीच जोडले नसेल तर दाब कुठेही भरकटतो, कारण आतील ट्रान्झिस्टरचे द्वार जवळजवळ अजिबात विद्युतप्रवाह घेत नाही; शेजारच्या तारेचा किंवा नुसता जवळ नेलेल्या हाताचा परिणामही त्याला पुरतो. दिवा आपोआप लुकलुकतो आणि विद्यार्थी आपल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. ही पिन तरंगत नाही, मोकळीही नसते. ती अधांतरी असते. ना वर, ना खाली, आणि धरून ठेवणारे कोणी नाही. ‘अधांतरी’ हा शब्द घरातला आहे आणि त्यातली धोक्याची सूचना वेगळी समजावून द्यावी लागत नाही. पुस्तिकेत आता तोच ठेवला आहे.

व्याकरणात आपण ‘अध्याहृत’ म्हणतो ती गोष्ट याहून निराळी. ‘आलास?’ एवढेच विचारले तरी ‘तू’ ऐकणाऱ्याला कळतो, कारण क्रियापदाचे रूप आणि प्रसंग ते पुरवतात. चिपला प्रसंग नसतो. न बोललेल्याचा अर्थ काय घ्यायचा, हे तिला आधी सांगून ठेवावे लागते. पुल-अप रेझिस्टर नेमके हेच सांगतो. पिन आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये समजा १० किलोओहमचा रेझिस्टर लावला, तर कोणी काही बोलत नसताना पिन ‘एक’वर राहते. बटण दाबले की ती थेट जमिनीला (म्हणजे ग्राउंडला) जोडली जाते आणि ‘शून्य’ होते. त्या वेळी रेझिस्टरमधून वाहतो तो प्रवाह जेमतेम ०.३३ मिलिॲम्पिअर. पुल-डाउन याच्या उलट. बहुतेक एफपीजीएंमध्ये पिनेच्या आतच असा दुबळा रेझिस्टर असतो आणि तो नियमांच्या फाइलमध्ये एका ओळीने चालू करता येतो. तार लांब असेल तर मात्र त्याच्या भरवशावर राहू नये, बाहेरचाच लावावा.

यातून आणखी एक गोंधळ होतो. पुल-अप असलेल्या बटणाला दाबल्यावर ‘शून्य’ मिळते, म्हणजे होकार नकाराच्या रूपात येतो. इंग्रजी आराखड्यांत अशा संकेताच्या नावापुढे ‘एन’ किंवा ‘बी’ हे अक्षर जोडतात. मराठी मसुद्यात नावे सुटसुटीत करताना ते अक्षर गळले होते आणि ‘बटण’ एवढेच उरले होते. आता तेथे ‘बटण_एन’ आहे आणि खाली ‘दाबल्यावर शून्य’ अशी टीप.

पिनेचे मानकही स्पष्ट लिहावे लागते. व्हिव्हाडो या साधनात पिनेची जागा किंवा मानक सांगितले नाही तर अंतिम फाइल तयारच होत नाही. विद्यार्थी याला कटकट म्हणतात. मला ती शिस्त वाटते. पिनांचे गट असतात, त्यांना बँक म्हणतात, आणि एका बँकेला पुरवठा एकच. म्हणून एकाच बँकेत एक आउटपुट ३.३ व्होल्टची आणि दुसरी १.८ व्होल्टची, असे जमत नाही. ५ व्होल्टवर चालणारा आर्डुइनो उनो आर्टिक्स-७ सारख्या चिपच्या इनपुटला थेट जोडला तर चिप कायमची निकामी होऊ शकते. पुस्तिकेत हे वाक्य ठळक अक्षरांत घ्यायला लावले.

शेवटी बटणाचे स्वतःचे वागणे. दाबल्यावर त्यातील धातूच्या पट्ट्या क्षणभर थरथरतात. आपल्याला ते कळत नाही, पण ५० मेगाहर्ट्‌झच्या घड्याळाचा एक ठोका २० नॅनोसेकंदांचा, म्हणजे १० मिलिसेकंदांत पाच लाख ठोके. चिपला एक दाब अनेक दाबांसारखा दिसतो. त्यासाठी संकेत आधी एकापाठोपाठ दोन फ्लिप-फ्लॉपमधून घ्यावा, म्हणजे तो घड्याळाशी जुळतो, आणि मग १० मिलिसेकंद स्थिर राहिला तरच खरा मानावा. प्रयोगशाळेतील बटणे जुनी असतील तर हा काळ २० पर्यंत वाढवावा.