भेट लहान, आठवण मोठी



जानेवारी संपत आला, की दहावीच्या वर्गात निरोप समारंभाची चर्चा सुरू होते. भाषण कोण करणार, फलक कोण सजवणार, हे लवकर ठरते. पण 'आपल्या सरांना आणि आपांना भेट काय द्यायची?' या प्रश्नावर सगळे अडतात. कोणी म्हणतो, "भिंतीवरचे घड्याळ देऊ." कोणी म्हणते, "शाल देऊ." मग एक जण वही काढतो आणि जाहीर करतो, "प्रत्येकी शंभर रुपये वर्गणी!"

अशा वेळी जरा मागच्या बाकाकडे पाहा. तिथला एखादा मित्र गप्प झालेला असतो. मालेगाव, भिवंडी यांसारख्या गावांत अनेक मुलांचे वडील यंत्रमागावर काम करतात. माग बंद राहिला, तर मजुरीही बुडते. 'घरी शंभर रुपये कसे मागू?' हा विचार त्या मित्राच्या मनात असतो. वर्गणी देता आली नाही, तर तो समारंभाला येतच नाही. कोणी विचारले, तर 'ताप होता' असे सांगतो. ज्या शिक्षकांनी त्याला इतकी वर्षे शिकवले, त्यांचा निरोपही त्याला घेता येत नाही. मग ती भेट साऱ्या वर्गाची कशी म्हणायची?

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : भेटीमुळे वर्गातले कोणीही मागे राहता कामा नये. यासाठी एक सोपा उपाय आहे. एक रिकामा डबा घ्या. त्याच्या झाकणाला फट पाडा आणि तो दोन-तीन दिवस वर्गात ठेवा. ज्याला जे जमेल, ते त्याने टाकावे. काही जमले नाही, तरी चालेल. कोणी किती टाकले, याची यादी करू नका. भेटीवर मात्र वर्गातल्या सगळ्यांची नावे लिहा.

जमलेले पैसे मोजा आणि मगच भेट ठरवा. समजा, डब्यात ४५० रुपये निघाले. शाळेत आठ शिक्षक आहेत. घंटा वाजवणारे शिपाईमामा आणि वर्ग झाडणाऱ्या मावशी यांनाही विसरू नका. म्हणजे एकूण दहा जण झाले. प्रत्येकासाठी ४५ रुपये आले. "एवढ्यात काय येणार?" असे म्हणू नका. थोडा विचार केला, तर पुष्कळ काही करता येते.

दुसरा नियम असा : भेट उपयोगी असावी. फुलांचा गुच्छ दोन दिवसांत सुकतो. शोभेच्या वस्तू कपाटावर धूळ खात पडतात. आपले शिक्षक रोज काय वापरतात, ते पाहा. त्यांना वह्या तपासाव्या लागतात, म्हणून लाल शाईची पेने त्यांच्या कामी येतात. वह्यांचे गठ्ठे घरी न्यावे लागतात, म्हणून कापडी पिशवी उपयोगी पडते. घरी शिलाईचे यंत्र असेल, तर उरलेल्या कापडाची पिशवी आई किंवा बहीण शिवून देईल. पिशवी शिवण्यापूर्वी दहा-बारा वह्या एकावर एक ठेवून माप घ्या, म्हणजे ती लहान होणार नाही.

रोप हीही चांगली भेट आहे. कोरफडीच्या बाजूला छोटी पिल्ले फुटतात. ती मुळांसह अलगद काढा. जुन्या डब्याला तळाशी भोके पाडा, म्हणजे पाणी साचणार नाही. डब्यात माती भरा आणि पिल्लू लावा. हे काम समारंभाच्या महिनाभर आधी करा, म्हणजे रोप चांगले रुजेल. या भेटीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

आणखी एक मार्ग आहे. सगळे पैसे एकत्र करून शाळेच्या ग्रंथालयाला एखादे चांगले पुस्तक द्या. पहिल्या पानावर 'आमच्या सर्व शिक्षकांना, दहावीच्या वर्गाकडून' असे लिहा. पुढच्या वर्षीची मुले ते वाचतील.

काही गोष्टी टाळायलाही हव्यात. भेटी देण्याला शाळेची परवानगी आहे का, हे मुख्याध्यापकांना आधी विचारा. रोख पैसे किंवा महागडी वस्तू कधीही देऊ नका. एकट्याने एका शिक्षकांना मोठी भेट दिली, तर तेही संकोचतात. तोंडी परीक्षेचे आणि प्रकल्पाचे गुण त्यांच्याच हाती असतात ना? म्हणून भेट नेहमी वर्गाच्या नावाने द्यावी.

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : भेटीबरोबर चिठ्ठी द्या. 'आपण फार छान शिकवता' एवढेच लिहू नका. तसे तर कोणीही लिहील. खरोखर घडलेली एक गोष्ट लिहा. उदाहरणार्थ, "सर, पाचवीत मला 'ळ' म्हणता येत नव्हता. मी 'शाळा'ला 'शाला' म्हणायचो. मुले हसायची. आपण मला रोज मधल्या सुट्टीत 'बाळ, फळ, कमळ' म्हणायला लावले. आता मी मराठीतून भाषण करतो." अशी चिठ्ठी सर जपून ठेवतील.

चिठ्ठीची भाषाही विचार करून निवडा. मराठीच्या सरांना मराठीत लिहा, उर्दूच्या आपांना उर्दूत लिहा. दुमडलेल्या जाड कागदाच्या डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर उर्दू लिहिता येते. एक लिपी डावीकडून चालते, दुसरी उजवीकडून, आणि मध्ये दोघी भेटतात. वर्गात ज्याचे अक्षर सुंदर आहे, त्याला हे काम द्या. कदाचित तो मागच्या बाकावरचा तुमचा मित्रच असेल.

शेवटी एक आठवण सांगतो. कवी इक्बाल यांना सियालकोटमध्ये सय्यद मीर हसन या उस्तादांनी शिकवले होते. १९२३ साली ब्रिटिश सरकारने इक्बाल यांना 'सर' हा किताब दिला. असे सांगतात, की आपल्या उस्तादांचाही सन्मान व्हावा, असा आग्रह इक्बाल यांनी धरला. त्या उस्तादांनी कोणता ग्रंथ लिहिला आहे, असे विचारण्यात आले. तेव्हा, मीच त्यांचा ग्रंथ आहे, असे उत्तर इक्बाल यांनी दिले. पुढे मीर हसन यांना 'शम्स-उल-उलमा' ही पदवी मिळाली.

मित्रांनो, तुम्हीही तुमच्या शिक्षकांचे ग्रंथच आहात. त्या ग्रंथाचे एकही पान गळू देऊ नका. सगळे मिळून समारंभाला या.

स्वाध्याय

१. वर्गणीची यादी का करू नये?
२. लेखकाने उपयोगी भेटी म्हणून कोणत्या वस्तू सुचवल्या आहेत?
३. भेट वर्गाच्या नावाने का द्यावी?
४. तुमच्या एका शिक्षकांना, खरोखर घडलेली गोष्ट सांगणारी पाच ओळींची चिठ्ठी मराठीत लिहा.
५. 'ळ' हे अक्षर असलेले पाच शब्द लिहा आणि मोठ्याने म्हणा.