गालिचा दिवाणखान्यात, धूळ मात्र आपल्या नाकात!

मैत्रिणींनो, पितृपक्ष संपत आला की घरोघरी साफसफाईची घाई सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गोधड्या-चादरी धुवायला निघतात, कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं काढली जातात. या सगळ्यात एक वस्तू मात्र हमखास शेवटी राहते. जमिनीवर अंथरलेली सतरंजी, जाजम किंवा हल्ली हौसेनं घेतलेला गालिचा. "त्याचं नंतर बघू" असं आपण म्हणतो, कारण ते काम जड, धुळीचं आणि कंबर मोडणारं. शिवाय हाताशी असते काय, तर तीच झिजलेली केरसुणी!

आमच्या चौलसारख्या समुद्रकाठच्या गावात तर हे दुखणं दुप्पट. एक वाळू आणि दुसरी ओल. पूर्वी सारवलेल्या जमिनीवर चटई नाहीतर घोंगडी असायची. अंगणात नेऊन दोनदा झटकली की काम झालं. आता फरशी आली आणि फरशीवर गालिचा आला. चौल, रेवदंडा, नागाव, आक्षी या पट्ट्यात कितीतरी घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. खोली जरा सजवायची म्हणून तिथेही गालिचा. पाहुणे समुद्रावरून भिजून येतात आणि पायांबरोबर पसाभर वाळू घेऊन येतात.

ही वाळू वरवर दिसत नाही, पण ती धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते. वरून चालताना तिचे टोकदार कण धागा कापत राहतात. गालिचा जुना होऊन विरतो असं आपण म्हणतो, पण बरेचदा त्याला वाळूनंच खाल्लेलं असतं.

आणि धूळ? ती आपल्याला खाते. डस्ट माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे गाद्यांत, गालिच्यांत राहतात. त्यांना पाणी प्यावं लागत नाही, हवेतली ओल ते शोषून घेतात. म्हणजे आपली किनाऱ्यावरची दमट हवा त्यांना मानवणारच. त्यांच्या विष्ठेमुळे पुष्कळांना शिंका, सर्दी आणि दम्याचा त्रास होतो. आमच्या बचतगटातली एक सून पर्यटकांच्या बंगल्यांत साफसफाईला जाते. सीझनमध्ये रोज चार-पाच खोल्या. एकदा बैठकीत सारखी खोकत होती. विचारलं तर म्हणाली, "काकी, गालिचे झटकले की रात्रभर छाती वाजते." तोंडाला काही बांधत नाहीस का, यावर तिचं उत्तर होतं, "कामाच्या घाईत कोण बांधतंय?" मग आम्ही ठरवलं, स्वस्तात आणि सुरक्षित साफसफाई कशी होईल ते एकदा नीट बघायचंच.

आधी आपल्याकडे काय आहे?

सुरुवात दारातून करू. आपली आजी बाहेरून आलेल्याला पाय धुतल्याशिवाय घरात घेत नसे. ती रीत पुन्हा आणा. पायरीजवळ पाण्याची बादली आणि तांब्या, आणि उंबऱ्याबाहेर काथ्याचं जाड पायपुसणं. निम्मी वाळू तिथेच राहते.

दुसरं साधन म्हणजे दोरी आणि काठी. अंगणात मजबूत दोरी बांधा, त्यावर सतरंजी उलटी टाका आणि मागच्या बाजूनं बडवा. धूळ जिथून शिरली तिथूनच बाहेर पडते. काठी गुळगुळीत हवी. बुरुडाकडून वेताचं रुंद झोडपणं करून घेतलं तर उत्तमच, मार पसरून बसतो आणि धागा तुटत नाही. वाऱ्याकडे मात्र लक्ष हवं. किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. दुपारी समुद्राकडून येतो, तो खारा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे धूळ पुढे उडते, तोंडावर येत नाही. नाकातोंडाला सुती ओढणीच्या दोन-तीन घड्या तरी बांधाच, मास्क असेल तर अधिक चांगलं. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम करूच नये, घरातल्या पुरुषमाणसाच्या हातात काठी द्यावी. त्यात काही कमीपणा नाही!

तिसरी आपली केरसुणी. लक्ष्मीपूजनाला आपण तिला हळदकुंकू वाहतो, पण वर्षभर तिच्याकडून भलतीच कामं करून घेतो. सतरंजीला शिंदीची केरसुणी चालते. हिरांचा खराटा अंगणासाठी, तो गालिच्यावर फिरवला तर लव उपटून येते. लवेच्या गालिच्याला मऊ केसांचा ब्रश घ्यावा आणि लव ज्या दिशेला झुकते त्याच दिशेनं फिरवावा.

केस, दोरे, मांजराची लव निघत नसेल तर एक साधी युक्ती. फरशीचं पाणी ओढायचा रबरी वायपर कोरडा करून गालिच्यावर आपल्याकडे ओढा. रबराला घासून सगळे केस गोळा होतात. वास येत असेल तर खायचा सोडा भुरभुरवून अर्ध्या तासानं झाडून घ्या. काही जणी मीठ टाकायला सांगतात. आपल्या हवेत ते नको, कारण मीठ ओल धरतं.

न विजेचं यंत्र

यानंतर येतो चाकांवरचा हातझाडू. बाजारात तो कार्पेट स्वीपर या नावानं मिळतो. ढकलला की आतला गोल ब्रश फिरतो आणि कचरा डबीत जातो. वीज लागत नाही, वाकावं लागत नाही. हातात धरायचे छोटे रोलर ब्रश तर त्याहून स्वस्त. मुळाशी गेलेली वाळू त्यानं निघणार नाही, पण रोजच्या वरवरच्या कचऱ्याला तो पुरेसा आहे.

या यंत्रामागे एका बाईची गोष्ट आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावी बिसेल दांपत्याचं काचसामानाचं दुकान होतं. मेलव्हिल बिसेल यांनी १८७६ साली या हातझाडूचं पेटंट घेतलं. १८८९ मध्ये ते वारले तेव्हा पदरात मुलं असलेल्या अ‍ॅना बिसेल यांनी कारखान्याचा कारभार हाती घेतला आणि तो देशोदेशी नेला. सुरुवातीच्या दिवसांत ब्रशाचे भाग आसपासच्या बायका घरी बसून तयार करत. म्हणजे आपल्या गृहउद्योगाचाच प्रकार की!

विजेच्या यंत्राचं मूळही एका खोकल्यात आहे. ओहायो राज्यातले जेम्स स्पँगलर एका दुकानात झाडलोट करत. त्यांना दम्याचा त्रास होता आणि धुळीनं तो वाढे. त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला चक्क उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं. १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. ओळखीतल्या सुझन हूवर यांनी ते वापरून पाहिलं, नवऱ्याला दाखवलं आणि हूवर यांनी ते हक्क विकत घेतले. झाडणाऱ्याच्या छातीची काळजी म्हणून जे यंत्र जन्माला आलं, ते आपल्याकडे मात्र श्रीमंतीची खूण होऊन बसलं.

घ्यायचंच असेल तर

आपल्याकडे दारावर येऊन हे यंत्र दाखवणारे विक्रेते सगळ्यांना माहीत आहेत. गादीवर यंत्र फिरवून काळ्या फडक्यावर धूळ दाखवतात आणि आपण हप्ता बांधून घेतो. पुढे ते यंत्र खोक्यासकट कपाटावर! म्हणून घेण्याआधी चार गोष्टी विचारा. गालिच्यासाठी ब्रशाचं तोंड सोबत आहे का? पिशवी आणि फिल्टर अलिबागला मिळतात का? दुरुस्ती कुठे होते? ओली वाळू ओढता येते का? साध्या यंत्रात ओलं गेलं तर मोटर जळते. जास्त वॉट म्हणजे जास्त ओढ असं समजू नका. वॉट म्हणजे यंत्र किती वीज खातं तो आकडा. हजार वॉटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट.

आणि खरं सांगू? एका घराला हे यंत्र आठवड्यातून अर्धा तास लागतं. मग प्रत्येकीनं वेगळं कशाला घ्यायचं? आमच्या गटानं दहा जणींत मिळून एक घेतलं. समजा पाच हजारांचं यंत्र असेल तर प्रत्येकीच्या वाट्याला पाचशे येतात. वार ठरवून दिले, एक वही घातली. वापरलं की वीस रुपये डब्यात टाकायचे, त्यातून पिशव्या आणि दुरुस्ती. पिशवी रिकामी करायची ती घराबाहेर, तोंड बांधून आणि ज्या घरी वापरलं त्यांनीच. या एका नियमावरून पहिल्या महिन्यात दोन भांडणं झाली. आता सगळं सुरळीत आहे. पाहुण्यांच्या खोल्या असलेल्या दोघी वीसऐवजी पन्नास देतात, कारण त्यांचा वापर जास्त.

पावसाळ्याचं काय?

चार महिने गालिचा अंथरूच नका. मे महिन्याच्या कडक उन्हात दोन्ही बाजू खडखडीत वाळवा, बडवा आणि जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून फळीवर ठेवा. प्लॅस्टिक नको, आत ओल कोंडून बुरशी धरते. लोकरीचा असेल तर कसर लागू नये म्हणून मध्ये डांबरगोळ्या ठेवा, पण मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी. नवा घेणार असाल तर भदोहीच्या लोकरी गालिच्यापेक्षा धुता येणारी सुती सतरंजी आपल्या हवेला बरी. जी वस्तू आपल्या दोरीवर आणि आपल्या बादलीत मावते, ती स्वच्छ राहते.

शेवटी एक विनंती, विशेषतः ज्यांच्याकडे दुसरी बाई कामाला येते त्यांना. साफसफाईच्या खर्चाचा हिशेब करताना साबण, फिनेल आपण धरतो, तसा तिचा मास्क आणि लांब दांड्याचा ब्रशही धरा. गालिचा बडवायला तिला भर दुपारी खिडक्या बंद असलेल्या खोलीत बसवू नका, अंगणात दोरी बांधून द्या. आमच्या त्या सुनेनं हे मालकिणीकडे स्वतः मागितलं आणि तिला ते मिळालं. डॉक्टरांचं औषध चालू आहेच, पण रात्रीचा खोकला पुष्कळ कमी झालाय. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.